उल्का, चुंबकसूची आणि अलिबागचे दप्तर

इ. स. १९०८ च्या जून महिन्याच्या ३० तारखेस सायबेरियातील तुंगुस्का नदीच्या खोऱ्यावर, भूपृष्ठापासून पाच ते दहा किलोमीटर उंचीवर, अंतराळातून आलेला एक प्रचंड पिंड फुटला आणि दोन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक अरण्य त्या आघाताने आडवे झाले, ही हकीकत आता शालेय पुस्तकांतूनही येते; परंतु त्याच सकाळी तेथून सुमारे हजार किलोमीटर दक्षिणेस, इर्कुट्स्क येथील वेधशाळेत, चुंबकाच्या हालचालींची जी रेषा कागदावर उमटत होती तिने काय टिपून ठेवले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. स्फोटानंतर सुमारे सहा मिनिटांनी ती रेषा आपल्या नित्याच्या मार्गावरून ढळली आणि पूर्वस्थितीस येण्यास तिला काही तास लागले. विचलन फार मोठे नव्हते, काही दहा नॅनोटेस्लांचे, म्हणजे तेथील चुंबकीय क्षेत्राच्या एक सहस्रांशाच्या आसपासचे होते. आणि ते कोणाच्या विशेष लक्षातही आले नाही. पुढे पन्नास वर्षे तो कागद वेधशाळेच्या दप्तरात पडून राहिला. १९६० च्या सुमारास टॉम्स्क येथील गेन्नादी प्लेखानोव्ह आणि त्यांचे सहकारी यांनी जुन्या नोंदी चाळावयास घेतल्या तेव्हा त्या रेषेचा अर्थ उलगडू लागला, आणि तोही अशासाठी की मध्यंतरी, १९५८ च्या ऑगस्ट महिन्यात, अमेरिकेने प्रशांत महासागरातील जॉन्स्टन बेटावर उंच आकाशात अणुस्फोट घडवून आणले होते, त्यांच्या मागोमाग तीन हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या सामोआतील आपिया येथे चुंबकीय क्षोभाची नोंद झाली होती, आणि इर्कुट्स्कच्या जुन्या रेषेचे वळण त्या नव्या नोंदींशी मिळतेजुळते होते.

या प्रसंगात मला सर्वाधिक विचारार्ह वाटतो तो हा पन्नास वर्षांचा कालावधी. ज्या कर्मचाऱ्याने त्या दिवशी नोंदीचा कागद बदलला असेल, त्याला त्या विचलनाचे कारण कळण्याचा काहीही मार्ग नव्हता. नेमून दिलेले काम त्याने केले आणि कागद दप्तरी दाखल झाला, एवढेच. उल्का पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात क्षोभ उत्पन्न करतात काय, या प्रश्नाला आज जे काही खात्रीचे उत्तर देता येते ते बव्हंशी अशाच कागदांच्या आधारावर उभे आहे. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, या प्रश्नात ज्याला खरोखर रस आहे त्याने अखंड नोंदीच्या जतनाचा प्रश्नही तितक्याच तळमळीने हाती घेतला पाहिजे. आणि महाराष्ट्राला तर तो टाळता येण्याजोगा नाही, कारण जगातील अशा प्रदीर्घ नोंदींपैकी एक आपल्या अलिबागेस आहे.

प्रथम मूळ प्रश्नच नीट समजून घेऊ. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा फार मोठा अंश तिच्या गर्भातील द्रवरूप लोखंडाच्या हालचालींतून उत्पन्न होतो, आणि वातावरणात जळून जाणाऱ्या कोणत्याही पिंडाचा हात त्या गर्भापर्यंत पोहोचत नाही. उल्केचा संबंध येतो तो क्षेत्राच्या दुसऱ्या, लहान आणि चंचल अंशाशी, जो आपल्या डोक्यावर नव्वद ते दीडशे किलोमीटर उंचीवर वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहांतून निर्माण होतो. त्या उंचीवर सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांनी हवेतील अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होऊन मागे विद्युद्भारित आयन उरलेले असतात, म्हणून या पट्ट्यास आयनांबर म्हणतात. त्यांपैकी जड आयन हवेच्या कणांशी टकरा घेत वाऱ्याबरोबर वाहवत जातात, हलके इलेक्ट्रॉन मात्र चुंबकीय बलरेषांना जखडलेले राहतात, आणि उभयतांच्या या फारकतीतून विद्युत्प्रवाह सुरू होतो. सूर्य माथ्यावर असता तो चढतो, रात्री जवळजवळ नाहीसा होतो, आणि त्याच्या या नित्यक्रमामुळे जमिनीवरील चुंबकसूची अगदी शांत दिवशीही काही दहा नॅनोटेस्लांची चढउतार दाखविते. दक्षिण भारतावरून जाणाऱ्या चुंबकीय विषुववृत्ताच्या वर, सुमारे एकशेपाच किलोमीटर उंचीवर, हाच प्रवाह एका चिंचोळ्या पट्ट्यात एकवटून विलक्षण प्रबळ होतो; थुंबा येथे १९६३ साली अग्निबाणांचे तळ उभारण्याचे एक मुख्य कारण हा प्रवाहच होता.

आता योगायोग असा की, सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येणाऱ्या उल्का जळतात त्याही साधारणतः ऐंशी ते एकशेवीस किलोमीटरांच्या पट्ट्यातच. हवेच्या कणांवर आदळून उल्केच्या पृष्ठावरील द्रव्याची वाफ होते, त्या वाफेतील लोह, मॅग्नेशियम, सोडियम यांचे अणू पुन्हा हवेच्या कणांवर आदळून आपले इलेक्ट्रॉन गमावतात, आणि उल्केच्या मागे विद्युद्वाहक द्रव्याची एक लांबच लांब वाट तयार होते. जेथे प्रवाह आधीपासून वाहत आहे तेथे वाहकतेत असा फेरफार झाला तर प्रवाहाची दिशा व प्रमाण बदलेल, आणि प्रवाह बदलला तर त्याचे चुंबकीय क्षेत्रही बदलेल, हा तर्क सर्वस्वी निर्दोष आहे. अडचण आहे ती प्रमाणाची. सामान्य उल्का ही वाळूच्या कणापासून लहान खड्यापर्यंतच्या आकाराची असते. तिने सोडलेली वाट काही सेकंदांत विरून जाते. आणि शंभर किलोमीटर खाली जमिनीवर तिचा परिणाम मोजू पाहणे म्हणजे घागरभर पाणी ओतून नदीची पातळी किती वाढली ते दूरच्या घाटावर बसून पाहण्यासारखे आहे.

तरीही माणसांनी ते मोजण्याचा यत्न केला, आणि तो यत्न आदरास पात्र आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत भौतिकीविज्ञ कलाश्निकोव्ह यांनी तारेची मोठी वेटोळी वापरून उल्कांच्या चुंबकीय परिणामाचा शोध घेतला, आणि उल्का दिसण्याच्या वेळीच सूक्ष्म स्पंदने आढळल्याचे प्रसिद्ध केले. अमेरिकेत जेराल्ड हॉकिन्स यांनी तोच शोध पुन्हा काळजीपूर्वक केला, १९५८ साली त्याचा निष्कर्ष मांडला, आणि तो नकारार्थी होता. अशा वेळी कोणास खरे मानावे? ज्याचे निरीक्षण दुसऱ्यास पुन्हा करता येते त्याचे, असे शास्त्राचे उत्तर आहे, आणि ते कठोर असले तरी दुसरे उत्तर मला दिसत नाही.

आयनांबरावरील परिणामाची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि तिच्यात भारताचा वाटा आहे. उल्कांमुळे रेडिओलहरींच्या प्रसारात फरक पडत असावा ही कल्पना जपानचे हांतारो नागाओका यांनी १९२९ साली मांडली होती. पुढे १९३३ च्या नोव्हेंबरातील सिंह राशीच्या उल्कावर्षावाच्या वेळी कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र आणि त्यांचे दोन सहकारी यांनी आयनांबराचे वेध घेतले, आणि वर्षावाचा तेथील आयनीभवनावर परिणाम होतो हे पुढल्याच वर्षी प्रसिद्ध केले. साधने तुटपुंजी, आपल्या देशात हे शास्त्र नुकतेच रुजू लागलेले, आणि तरीही प्रश्न जगाच्या पहिल्या रांगेतला होता. आज आपण जाणतो की उल्कांनी आणलेले धातूंचे आयन वाऱ्याच्या प्रवाहांमुळे पातळ थरांत गोळा होतात आणि रेडिओलहरींना अनपेक्षितपणे परतवितात. म्हणजे उल्का आयनांबराची घडण बदलते याविषयी शंका नाही. त्या बदलाचा आवाज जमिनीवरील चुंबकापर्यंत ऐकू येतो काय, एवढाच वाद आहे.

मोठ्या पिंडांच्या बाबतीत तो ऐकू येतो, याचा सर्वांत सबळ पुरावा इर्कुट्स्कचा कागद. तेथील सहा मिनिटांचा विलंब विचार करण्याजोगा आहे. स्फोटाचा प्रकाश क्षणात पोहोचतो. तेव्हा क्षोभ प्रकाशामुळे किंवा किरणांमुळे झाला असता तर विलंबास कारण नव्हते. परंतु सेकंदाला सुमारे तीनशे मीटर वेगाने जाणारी आघातलहर वर चढत शंभर किलोमीटरांवरील प्रवाहाच्या थरापर्यंत पोहोचावयास साडेपाच-सहा मिनिटे लागतात, आणि नोंदीतील विलंबही तेवढाच आहे. यावरून अनेक अभ्यासकांचे मत असे झाले आहे की, स्फोटाने वर ढकललेल्या हवेने आयनांबर हेलावले, तापले, त्याची वाहकता बदलली, आणि तेथील प्रवाहांची जी उलथापालथ झाली तिचे पडसाद खाली चुंबकावर उमटले. स्पष्टीकरणाच्या तपशिलाविषयी मतभेद आहेत आणि पुढेही राहतील. पण सहा मिनिटांची ही संगती मनास पटते हे मी मोकळेपणाने सांगतो.

तथापि, याच प्रकरणात सावधगिरीचा धडाही आहे. त्याच जून महिन्याच्या अखेरीस, २७ ते ३० तारखांच्या दरम्यान सलग रात्री, जर्मनीतील कील येथे प्राध्यापक वेबर यांना चुंबकसूचीची नियमित, तासन्‌तास चालणारी आंदोलने आढळली होती. तारखांचा मेळ इतका आकर्षक आहे की, येणाऱ्या पिंडाचीच ती चाहूल होती असे म्हणण्याचा मोह अनेकांना झाला. मला तो मोह रास्त वाटत नाही. एका ठिकाणच्या एका उपकरणावरील निरीक्षण, ज्याला दुसऱ्या वेधशाळेची साक्ष नाही, ते कितीही प्रामाणिक असले तरी त्यावर एवढा मोठा इमला रचता येत नाही. उपकरणाजवळच्या एखाद्या विद्युत्प्रवाहानेही सूची तालबद्ध हलू शकते.

तारखांच्या मेळाचा हा मोह आजही वर्तमानपत्रांतून आणि भ्रमणध्वनीवरच्या संदेशांतून दरवर्षी प्रकट होतो. ऑगस्टच्या मध्यास ययाती राशीतील वर्षाव आला, डिसेंबरच्या मध्यास मिथुन राशीतला आला, की त्या सुमाराच्या एखाद्या चुंबकीय वादळाचे, भूकंपाचे, क्वचित माणसांच्या अस्वास्थ्याचेही खापर उल्कांवर फोडले जाते. वस्तुतः उल्कावर्षाव दरवर्षी त्याच तारखांना येतात. चुंबकीय क्षोभाचे प्रमाणही वर्षाच्या ऋतुचक्राबरोबर बदलते, दोन्ही संपातांच्या सुमारास ते वाढते. आणि दरवर्षी परतणाऱ्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीएक संबंध नसतानाही त्यांच्या तारखा जुळवून दाखविणे मुळीच अवघड नसते. चुंबकीय वादळे येतात ती सूर्याकडून. वादळात सूची शेकडो नॅनोटेस्लांनी हलते. उल्कावर्षावाची अशी करामत कोणत्याही नोंदीत नाही. जनतेस हे स्पष्टपणे सांगणे हे वर्तमानपत्रांचे कर्तव्य आहे असे मला वाटते, कारण कुतूहलाचे भयात रूपांतर झाले की शास्त्राचा आवाज ऐकू येईनासा होतो.

१५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर जो अग्निगोल फुटला त्याने या प्रश्नाची आधुनिक उपकरणांनी परीक्षा घेण्याची संधी दिली. सुमारे वीस मीटर व्यासाचा तो पिंड सेकंदाला एकोणीस किलोमीटर वेगाने आला, जमिनीपासून सुमारे तीस किलोमीटर उंचीवर फुटला, आणि फुटलेल्या काचांनी दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले. आयनांबरात त्याने उठविलेल्या लहरी रडारांनी व उपग्रहांच्या संकेतांनी टिपल्या. चुंबकीय परिणाम मात्र इतका दुर्बल होता की खारकिव्हचे लिओनिद चेर्नोगोर यांच्यासारख्या अभ्यासकांना तो नेहमीच्या चढउतारांतून वेचून काढावा लागला, आणि तसे वेचून काढलेल्या स्पंदनांचे श्रेय निःसंशयपणे अग्निगोलालाच द्यावे की नाही याविषयी वाचकाच्या मनात शंका उरते. तुंगुस्काचा स्फोट चेल्याबिन्स्कहून कितीतरी पट मोठा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या दुर्बलतेचे नवल वाटत नाही. शोध करू पाहणाऱ्यास यातून एवढे निश्चित कळते की, क्षोभ जितका लहान, तितकी त्याच्या आधीची आणि नंतरची नोंद अधिक शांत, अधिक सूक्ष्म आणि अधिक दीर्घ असावयास हवी.

एक सुंदर उपयोग येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही. उल्कांनी युगानुयुगे सोडलेले सोडियम सुमारे नव्वद किलोमीटर उंचीवर एका थरात साठलेले आहे. जमिनीवरून लेसरचा पिवळा किरण त्या थरावर सोडून, तेथील अणू चुंबकीय क्षेत्रात ज्या लयीने भ्रमण करतात ती मोजून, त्या उंचीवरचे चुंबकीय क्षेत्र काढण्याची युक्ती शास्त्रज्ञांनी शोधली असून अॅटलांटिकमधील ला पाल्मा बेटावरून केलेल्या अशा मोजणीचे वर्णन २०१८ साली प्रसिद्ध झाले. विमान जेथे पोहोचत नाही आणि उपग्रह जेथे टिकत नाही त्या प्रदेशाचे क्षेत्र आपण जळून गेलेल्या उल्कांच्या भस्माच्या साहाय्याने वाचू लागलो आहोत.

आता आपल्या घरच्या दप्तराकडे वळू. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय निरीक्षणे १८४१ साली सुरू झाली. त्या आरंभीच्या काळात प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली तेथे काम करणाऱ्यांत केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे आपले केरूनाना, होते. अलिबागेजवळच्या नागावात जन्मलेला हा तरुण पुढे पुण्यास लोकमान्य टिळकांचा गणिताचा गुरू झाला, हे सर्वश्रुत आहे. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावर जो महाभयंकर क्षोभ झाला, जो इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन यांनी दुर्बिणीतून पाहिला, त्याचे पृथ्वीवरील पडसाद कुलाब्याच्या सहायकांनी डोळ्यांनी वाचून हाताने वहीत लिहून ठेवले. जगातील बहुतेक उपकरणांच्या रेषा त्या वेळी कागदाबाहेर निघून गेल्या होत्या. कुलाब्याच्या वहीत सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट आकड्यांत उतरली. त्या आकड्यांचे महत्त्व जगापुढे पूर्णपणे आले ते २००३ साली, ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लाखिना आदींच्या निबंधाने. म्हणजे एकशेचव्वेचाळीस वर्षांनी. ती घट नेमक्या कोणत्या प्रवाहामुळे झाली याविषयी विद्वानांत आजही चर्चा चालू आहे, आणि ती चालू राहू शकते याचे कारण वही शाबूत आहे.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, आणि ट्रामच्या प्रवाहाने चुंबकाची नोंद कायमची दूषित होणार हे उघड झाले. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभॉय आर्देशिर फ्रामजी मूस यांनी अलिबागची जागा निश्चित केली. दख्खनचा काळा कातळ स्वतःच चुंबकीय, म्हणून इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणला गेला. लोखंडाचा खिळाही वर्ज्य मानून पितळ-तांब्याचा उपयोग झाला. १९०४ पासून अलिबागेस नोंद सुरू झाली, ट्राम १९०७ साली धावली, आणि १८४६ पासून साठ वर्षांच्या कुलाब्याच्या नोंदी मूस यांनी १९१० साली दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. तुंगुस्काच्या सकाळी अलिबागचे उपकरण चालू होते.

आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत आहे. संस्थेची मुख्य कचेरी नव्या पनवेलीस, आणि नागपूर, तिरुनेलवेलीपासून पोर्ट ब्लेअरपर्यंत तिच्या इतर वेधशाळा आहेत. परंतु अलिबाग आता शंभर वर्षांपूर्वीचे निवांत गाव राहिलेले नाही. तेथे वसाहती वाढत आहेत, वाहने वाढत आहेत, विजेच्या तारा आणि लोखंडी सांगाडे वाढत आहेत, आणि मुंबईशी दळणवळण जसजसे सुलभ होईल तसतसे ते वाढतच जाणार. या वाढीस माझा विरोध नाही. तेथील लोकांना रस्ता, वीज आणि रोजगार मिळालाच पाहिजे. माझा आग्रह एवढाच की, वेधशाळेभोवतीच्या ठरावीक परिसरात मोठे बांधकाम, विजेचे वाहतूकमार्ग किंवा उच्च दाबाच्या वाहिन्या यांना मंजुरी देण्यापूर्वी संस्थेचा लेखी अभिप्राय घेणे जिल्हा प्रशासनावर कायद्याने बंधनकारक असावे. पुरातन मंदिराच्या किंवा किल्ल्याच्या भोवती असे निर्बंध आपण मान्य केलेलेच आहेत. दगडाची वास्तू डोळ्यांस दिसते म्हणून तिला संरक्षण, आणि पावणेदोनशे वर्षांहून जुनी अखंड नोंद डोळ्यांस दिसत नाही म्हणून तिला नाही, हा भेद मला न्याय्य वाटत नाही.

शिवाय या वेधशाळेच्या जुन्या छायाचित्रित पट्ट्या आणि हस्तलिखित वह्या यांच्या प्रतिमा तारीखवार, कोणाही अभ्यासकास विनामूल्य पाहता येतील अशा रीतीने उपलब्ध व्हाव्यात, आणि या कामास केंद्रीय विज्ञान खात्याने कायम स्वरूपाची तरतूद करावी. कारण पुढचा प्लेखानोव्ह कोण असेल आणि तो कोणत्या दिवसाचा कागद मागेल, हे आज कोणासही ठरविता येणार नाही. तसेच अग्निगोल टिपणारे रात्रभर चालणारे कॅमेरे आपल्या विद्यापीठांनी व हौशी खगोलमंडळांनी वेधशाळांच्या आसपास उभारावेत, आणि त्यांची घड्याळे वेधशाळेच्या घड्याळाशी सेकंदापर्यंत मिळवून ठेवावीत. उल्केच्या प्रकाशाची वेळ आणि सूचीच्या हालचालीची वेळ ही दोन्ही नेमकी ठाऊक असतील तरच कार्यकारणाचा निवाडा होऊ शकेल. इर्कुट्स्कच्या नोंदीला आज जे मोल आहे ते त्या सहा मिनिटांचे आहे.

आणि इतके करूनही एखाद्या दिवशी अलिबाग सोडण्याची वेळ आलीच, तर त्याची तजवीज मूस यांनी घालून दिलेल्या शिरस्त्याप्रमाणे व्हावी. कुलाब्याचे काम त्यांनी एका दिवसात बंद केले नाही. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणची उपकरणे एकाच वेळी चालवून, दोन्ही जागांच्या आकड्यांतील फरक निश्चित करून, मगच जुनी जागा सोडली. त्या दुहेरी मोजणीमुळेच १८४१ ची नोंद आजच्या नोंदीशी सांधता येते. अलिबागेहून स्थलांतराचा कोणताही प्रस्ताव शासनापुढे आला तर त्यास मंजुरी देण्याची पहिली अट अशी किमान दोन वर्षांची दुहेरी मोजणी ही असावी, आणि तिचा खर्च ज्या प्रकल्पामुळे वेधशाळेस उठावे लागत असेल त्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच आरंभापासून धरला जावा.